सूचकाची सही

मुलींचं वसतिगृह, छत्रपती संभाजीनगर
२ ऑगस्ट २०२५

मंजूताई,

तू पीजीच्या परीक्षेसाठी पुण्याला गेलीस आणि स्मार्टफोन फुलंब्रीला आईच्या कपाटात कोंडून ठेवलास, त्याची शिक्षा मला. पोस्टात पाकीट घ्यायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "राखी पाठवायची का?" मी म्हटलं, "नाय, तक्रार पाठवायचीय." तक्रार एवढीच, की तुझ्या कॉटवर आता मोनाली नावाची मुलगी आलीय आणि ती पहाटेपासून हाडांची नावं ओव्या म्हटल्यासारखी म्हणते. दोन वर्षं तुझं घोरणं ऐकलं, ते परवडलं.

आता कामाचं. तिसऱ्या वर्षात आलो म्हणून या आठवड्यात सगळ्या सोसायट्यांनी लेक्चर हॉलबाहेर टेबलं मांडलीत. नुसता आठवडी बाजार भरलाय. सर्जरीवाले टाके घालायला केळी देतात, संशोधन मंचवाले चहा देतात, वैद्यकीय विद्यार्थी संघवाले तर हाताला धरून बसवतात. हजेरी आणि अभ्यास सांभाळून मला एकाच ठिकाणचं काम झेपेल. मोनालीनं चार ठिकाणी नाव घातलंय. मला तसं जमणार नाही.

माझा डोळा मधुमेह मंडळावर आहे. कारण तुला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत खुलताबादला दर्ग्याबाहेर अब्बांच्या चप्पल-स्टँडवर जे केलं, ते दाखवायची तीच जागा. दोनशे चौदा शुगरवाली माणसं, तू दिलेली नायलॉनची तार, आणि प्रत्येकाच्या तळव्याला टोचून एकच प्रश्न: कळलं का? सदतीस जणांना कळलंच नाही. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी येत होते आणि फोड आलेले त्यांना माहीत नव्हते. लासूर स्टेशनच्या त्या आजोबांच्या चपलेत खिळा होता, ते चालत बस स्टँडपर्यंत गेले असते. अब्बांनी बिल्ला परत घेताना रक्त बघितलं म्हणून थांबवलं. तेव्हा अब्बा म्हणाले ते मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: "चप्पल तो मिल गई इनकू, पाँव किधर गुम हुआ?"

डिसेंबरात मंडळाची परिषद आपल्याच शहरात आहे, तिथं पेपर वाचायचाय. पण मंडळाचा अर्ज नखरेल आहे. जुन्या सदस्यानं सूचक म्हणून सही केल्याशिवाय नवा माणूस घेत नाहीत. माझ्या ओळखीत सदस्य एकच, ती म्हणजे तू. सही करशील ना? की आधी दुसरीकडे जाऊ? तू सांगशील तिथं नाव घालते.

अम्मीचा सलाम. तुझ्या आईला माझा नमस्कार कळव.

तुझी,
सदफ


पुणे
१४ ऑगस्ट २०२५

सदफराणी,

पत्र वाचून लई हसले. सोसायटी निवडायची म्हणून एवढा विचार? अगं, स्थळ बघायला चाललीस का!

एक मात्र बरोबर केलंस, चार ठिकाणी हात घातला नाहीस. एक ना धड, भाराभर चिंध्या. तुझ्या मोनालीचं तसंच होणार, दिवाळीत बघ.

आता मोठ्या बहिणीचा सल्ला ऐक. मधुमेह मंडळाच्या नादी लागू नकोस. म्हाताऱ्या डॉक्टरांची बैठक आहे ती. वर्षाला एक डायरी मिळते, एक पेन मिळतं, आणि भाषणात पहिल्या ओळीतले लोक झोपतात. विद्यार्थ्याला तिथं कुणी विचारत नाही. तू विद्यार्थी संघात जा. शिबिरं असतात, ओळखी होतात, चार माणसांत बोलायची सवय होते. तुला त्याचीच गरज आहे, तोंडी परीक्षेत तोंड उघडत नाहीस.

राहिला तुझा पेपर. मी मंडळात आहेच की. एका घरात एक सदस्य पुरे झाला. तू सगळी फाइल माझ्याकडे पाठव, मूळ कागदांसकट. मी इंग्रजी नीट करून माझ्यामार्फत पाठवते. पेपर तुझाच, मी फक्त टपाल.

सहीचं पुढच्या वर्षी बघू. मी कुठं पळून चाललेय?

चाचांना सांग, माझ्या वाटचा शीरखुर्मा बाकी आहे.

मंजू


वसतिगृह
७ सप्टेंबर २०२५

मंजूताई,

तू म्हणालीस तसं केलं. विद्यार्थी संघात नाव घातलं. पहिल्याच बैठकीत मला पाणी वाटायचं काम मिळालं, म्हणजे ओळखी व्हायला सुरुवात झाली म्हणायची.

फाइल आजच कुरिअर केली. दोनशे चौदा फॉर्म, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे, माझी वही, आणि कॉलेजच्या समितीनं दिलेल्या परवानगीची झेरॉक्स. फॉर्म जपून ठेव. काही बायांनी नवऱ्याला न सांगता अंगठा दिलाय. एक खाला तर पाय पुढं करायलाच तयार नव्हत्या, भेगा दिसतील म्हणून लाजत होत्या. अब्बांनी त्यांना सांगितलं, "ये मेरी बेटी है, डॉक्टर बन रही है, इसके हाथ में पाँव देव, शरम नक्को." तेव्हा दिला.

अब्बा रोज विचारतात, पेपर म्हणजे छापून येतो का वाचून दाखवतात. मी सांगितलं, मोठ्या हॉलमध्ये वाचून दाखवतात. ते म्हणाले, "मैं आ सकता क्या?" मी हो म्हणून बसलेय. कधीपर्यंत कळेल?

सदफ


पुणे
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय सदफ,

उत्तराला उशीर झाला. अभ्यास, क्लास, दिवाळीत दोन दिवस घर, वेळच मिळाला नाही.

वाईट बातमी आहे. तुझा पेपर मंडळानं घेतला नाही. माणसं कमी पडली म्हणे, आणि चप्पल-स्टँडवरची तपासणी त्यांना पटली नाही. मी बोलून पाहिलं. मोठ्या लोकांपुढं आपलं काय चालणार?

मन लहान करू नकोस. पहिलाच प्रयत्न होता. फाइल माझ्याकडे सुखरूप आहे, भेटलो की देते.

आणि एक सांगू? परिषदेला उगीच जाऊ नकोस. नाकारलेल्या घरी जेवायला गेल्यासारखं होतं. त्या दिवसांत अभ्यास कर, तुझी परीक्षा तोंडावर आहे.

मंजुषा


वसतिगृह
१६ नोव्हेंबर २०२५

मंजूताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी रडले. खोटं कशाला सांगू? पेपर गेला याचं वाईट वाटलंच, पण अब्बांना "चप्पल-स्टँडवरची तपासणी पटली नाही" हे कसं सांगायचं, त्याचं जास्त वाटलं. शेवटी एवढंच सांगितलं की या वर्षी जागा भरल्या. ते म्हणाले, "हौ, कोई बात नै." तार अजून त्यांच्या खिशात असते. गिऱ्हाईक थांबलं की टोचतात. मागच्या जुम्म्याला दोघांना घाटी हॉस्पिटलात पाठवलं.

तुझा सल्ला मात्र एका बाबतीत मोडतेय, रागावू नकोस. परिषदेसाठी मंडळानं आमच्या संघाकडं स्वयंसेवक मागितलेत. संघात आल्यावर नाही कसं म्हणू? मला नोंदणीच्या टेबलावर बसवलंय. येणाऱ्या डॉक्टरांना बॅज आणि पुस्तिका द्यायची. तू सदस्य आहेस, येशील का? आलीस तर तुझा बॅज मी स्वतः तुझ्या गळ्यात घालीन.

उत्तर लवकर दे.

सदफ


वसतिगृह
१५ डिसेंबर २०२५

मंजूताई,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच पुन्हा लिहितेय. ताई लिहू नये असं वाटलं, पण दोन वर्षांची सवय आहे, एकदम जात नाही.

शनिवारी सकाळी बॅज अक्षरक्रमानं लावताना तुझं नाव सापडलं. त्याखाली "सादरकर्त्या" असं लिहिलं होतं. तुला सांगते, मला आनंद झाला. वाटलं, तू अभ्यासातून वेळ काढून काहीतरी केलंस आणि मला सांगितलं नाहीस. मग पुस्तिका उघडली. पान एकोणीस. खुलताबाद, दोनशे चौदा माणसं, सदतीस बधिर पाय. खाली एकच नाव, तुझं. मी पान उलटून मागं बघितलं. वाटलं, माझं नाव तिकडं गेलं असेल.

तेवढ्यात अब्बा आले. ईदचा पांढरा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, सोबत शेजारचे फुलवाले ओवैसचाचा. मला टेबलावर बघून दोघं हसायला लागले. तू त्यांना घरच्या साध्या फोनवर बोलावलंस ना? "सदफच्या कामासाठी तुमचा सत्कार आहे, पण तिला सांगू नका, तिची परीक्षा आहे." अब्बांनी तुझा शब्द पाळला. अम्मीलासुद्धा सांगितलं नाही.

तुझा बॅज कुणीतरी दुसऱ्यानं नेला. मी हॉलमध्ये अब्बांच्या शेजारी बसले. तू वीस मिनिटं इंग्रजीत बोललीस. छान बोललीस. सुरुवातच अब्बांच्या वाक्यानं केलीस आणि सगळा हॉल हसला, मग गप्प झाला. अब्बांना तेवढंच कळलं, कारण तेवढंच आपल्या भाषेत होतं. ते ताठ बसले. बाकीच्याला दर दोन मिनिटांनी माझ्या कानात विचारत होते, "क्या बोली?" मी म्हणत होते, "अच्छा बोली." पुढं त्यांनी विचारलं, "तेरा नाम कब लेगी?" मी म्हटलं, "बाद में, अब्बा." तू शेवटपर्यंत घेतलं नाहीस.

शाल अंगावर घेताना त्यांनी खाली वाकून तुला दुवा दिली. तू तेव्हा पहिल्यांदा मला बघितलंस. जेवायच्या सुट्टीआधी मागच्या दारानं गेलीस, तेही मी बघितलं.

शालीसह तुझा आणि त्यांचा फोटो आता स्टँडवर लावलाय. येईल त्याला सांगतात, "मेरी बेटी की सहेली." मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते पुस्तकात वाचलं होतं. तू कापलास आणि वर अब्बांकडून दुवाही घेतलीस. का केलंस? एवढंच सांग. आणि पुढच्या वर्षी तरी माझं नाव लागावं म्हणून मला काय करावं लागेल, तेही सांग.

सदफ


पुणे
२४ डिसेंबर २०२५

प्रिय सदफ,

तुझं नोव्हेंबरचं पत्र जुन्या खोलीवर पडून होतं, आता या पत्राबरोबरच हाती आलं. मी ती खोली ऑक्टोबरातच सोडली. ते वेळेवर मिळालं असतं तर... जाऊ दे, तेव्हाही मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

खरं सांगते. ऑगस्टात पीजीचा निकाल लागला. दुसऱ्यांदा नापास झाले. तुला, आईला, कुणालाच सांगितलं नाही. फोनही कपाटात नव्हता, माझ्याजवळच होता. लोकांचे प्रश्न नको होते म्हणून ती बतावणी. घरी स्थळांची यादी तयार होती आणि आईनं स्पष्ट सांगितलं होतं, आता पुरे. इथल्या एका हॉस्पिटलात संशोधन सहाय्यकाची जागा होती. त्यांना स्वतःच्या नावावर सादर केलेलं काम हवं होतं. माझ्याकडे नव्हतं. तुझी फाइल माझ्या टेबलावर होती.

माझं काहीच नव्हतं असंही नाही. तार मी दिली, कशी टोचायची ते मी शिकवलं, इंग्रजी सगळं माझं. शिवाय मंडळाचा नियमच आहे, लेखक म्हणून सदस्याचंच नाव लागतं. तू सदस्य नव्हतीस. मी तरी काय करणार? चाचांना बोलवायचंही अध्यक्षांनीच ठरवलं. माझा नाइलाज झाला.

तुझ्यापुढं अख्खं आयुष्य पडलंय. तुझ्यासारख्या हुशार मुलीला असे दहा पेपर मिळतील. मला हा एकच होता.

तरी मी तुझं देणं लागते, हे मान्य. सोबत मंडळाचा अर्ज पाठवतेय. सूचक म्हणून सही केलीय, शिक्काही मारलाय. तू फक्त नाव भर आणि दे. पेपर मासिकात छापायला जाईल तेव्हा आभारात तुझं नाव पहिलं घालीन. पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून नवीन काहीतरी करू.

चाचांना मात्र काही सांगू नकोस. ते खूश आहेत, त्यांचा आनंद कशाला घालवायचा? त्यातच सगळ्यांचं भलं आहे.

मंजू


वसतिगृह
२ फेब्रुवारी २०२६

मंजुषा,

अर्ज मिळाला. त्याच दिवशी भरून दिला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंडळाचं पत्र आलं, मी विद्यार्थी सदस्य झाले.

आता मी लपवलेलं सांगते. परिषदेच्या दिवशी तू मागच्या दारानं गेलीस, तेव्हा मी सचिव अमृता मॅडमकडे गेले होते. पुस्तिका उघडून म्हटलं, हे काम माझं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तक्रार फक्त सदस्याला करता येते. आधी सदस्य व्हा." मी म्हटलं, "सूचक कुठून आणू? मला एकच सदस्य माहीत आहे." त्यांनी पुस्तिकेवरचं तुझं नाव बघितलं. स्वतःची सही देता येत नाही म्हणाल्या, कारण तक्रार त्यांच्याच पुढं येणार.

दुसरा कुणी सूचक मिळाला असता, नाही असं नाही. एखाद्या सरांना गाठलं असतं, हातापाया पडले असते. पण मला तुझीच सही हवी होती. म्हणून तुला तसं नरमाईनं विचारलं, पुढच्या वर्षी काय करू म्हणून. तू माझ्या भोळेपणावर विसंबून सही दिलीस. तुझ्या विश्वासाचा मी फायदा घेतला. हे मी याआधी कधी केलं नव्हतं आणि करताना बरं वाटलं नाही. पण केलं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. नऊ ऑगस्टला तू त्यांना फोन करून विचारलं होतंस, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी सदस्य होऊन लेखक म्हणून नाव लावू शकते का. त्या म्हणाल्या होत्या, लावू शकते, महिनाअखेरपर्यंत अर्ज द्या. आणि चौदा ऑगस्टला तू मला लिहिलंस, म्हाताऱ्यांची बैठक आहे, जाऊ नकोस. माझ्याकडे ते पत्र आहे. तक्रारीला जोडलंय. त्याच्यामागे समितीची परवानगी, मूळ प्रत, माझ्या नावाची. झेरॉक्स तुझ्याकडे गेली होती.

नापास झालीस हे ऐकून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तू तेव्हा सांगितलं असतंस की मला या पेपरची गरज आहे, दोघींचं नाव लावू, तुझं आधी, तर मी एका शब्दानं नाही म्हटलं नसतं. तुला हे माहीत होतं. तरी तू मागितलं नाहीस, उचललंस. माझा राग त्याचा आहे. तू मला आभारात जागा देतेयस, जसं घरमालकाला ओसरीवर बसायला सांगावं.

अब्बांना मी सांगितलं. तू नको म्हणालीस म्हणून नाही, मलाच राहवेना. रोज त्यांना तुझं कौतुक करताना ऐकायचं आणि मान हलवायची, मला जमेना. त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि म्हणाले, तेरा नाम किधर आता था, दिखा. मी जागा दाखवली. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लोगां पाँव तेरे हाथ में दिए थे. ये बात तो उसकू मालूम थी ना?" मी हो म्हटलं. त्यांनी फोटो उतरवला नाही. कुणी विचारलं तर आता नुसतं "हौ" म्हणतात.

अम्मी म्हणते जाऊ दे, ती आपल्याकडे जेवलीय. मीही फुलंब्रीला तुमच्या शेतात हुरडा खाल्लाय, तुझ्या आईनं पदरानं माझं तोंड पुसलंय. म्हणूनच जाऊ देता येत नाही. परक्यानं केलं असतं तर कधीच सोडून दिलं असतं.

सुनावणी एकवीस फेब्रुवारीला आहे, मंडळाच्या कार्यालयात, सकाळी अकराला. तुलाही पत्र आलं असेल. दोनशे चौदा फॉर्म घेऊन ये. कामकाज इंग्रजीत चालतं म्हणे. सदस्याला सोबत एक माणूस आणता येतो, मी अब्बांना आणतेय. त्यांच्या शेजारी बसून तू जे जे बोलशील ते सगळं, एकेक वाक्य, त्यांना आपल्या भाषेत सांगणार आहे.

सदफ हबीब